‘दूरच्या ताऱ्याचे भाडेकरू’: तपासणीत आढळलेल्या एकोणचाळीस चुका

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (दोन्ही गुडघे सध्या जमिनीला टेकायला तयार नाहीत. तेव्हा आठातली दोन अंगं वजा करून उरलेल्या सहांचा नमस्कार गोड मानून घ्यावा.) तुझी तब्येत कशी आहे? कानातलं यंत्र घालतेस का, की अजून ते डबीत ठेवून ‘मला सगळं ऐकू येतं’ असं सगळ्यांना बजावत फिरतेस? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे बायको माझ्याशी बोलत नाही, सासूबाई गरजेपेक्षा जास्त बोलतात आणि बेडरूममधल्या कपाटाला दार राहिलेलं नाही. हे तिन्ही तुझ्या कादंबरीमुळे झालं आहे. सविस्तर पुढे येईलच.

तुझं पत्र पोचलं त्याला आज सव्वीस दिवस झाले. ‘दूरच्या ताऱ्याचे भाडेकरू’ या तुझ्या एकुलत्या एक कादंबरीला पन्नास वर्षं होताहेत, प्रकाशक नवी आवृत्ती काढतो आहे, आणि त्याच्याकडच्या कोणा तरुण संपादिकेने तुला फोन करून अत्यंत गोड आवाजात विचारलं की विज्ञानाच्या दृष्टीने काही ठिकाणी ‘थोडंसं बघायचं का’, हे सगळं समजलं. (गोड आवाजापासून मी नोकरीभर सावध राहिलो आहे. ज्या कारखान्याचा मॅनेजर फाटकातच चहा विचारतो, त्याच्या बॉयलरचा प्रेशर गेज हमखास अडकलेला निघतो.) त्यावर तू, वय वर्षं त्र्याऐंशी, बाणेदारपणे ठरवलंस की थोडंसं कशाला, सगळंच बघू, आणि ते बघायचं काम माझ्या गळ्यात मारलंस. तुझेच शब्द: ‘एकतीस वर्षं बॉयलर तपासतोयस, आता हे तपास. तू लिहून देशील तेवढं मी दुरुस्त करीन. तू लिहिणार नाहीस ते आहे तसं राहील. पुढच्या महिनाअखेरीला कागद प्रकाशकाकडे जातील, आणि त्यानंतर मी मेले तरी कुणी त्याला हात लावायचा नाही.’ इथपर्यंत ठीक होतं. पण त्याखाली तू बारीक अक्षरात लिहिलंस की आता त्या पुस्तकाची लाज वाटते. आत्या, ती ओळ वाचून मला वाईट वाटलं आणि पाठोपाठ रागही आला. ज्या पुस्तकापायी मी सातवीत असताना भूगोलाच्या तासाला छड्या खाल्ल्या (नकाशाच्या आड धरून वाचत होतो, आणि नकाशा उलटा होता), त्याची लाज वाटून घ्यायची परवानगी मी तुला दिलेली नाही.

तरी सांगितलं काम करायचं म्हणून रीतसर सुरुवात केली. आमच्या खात्याचा तपासणीचा छापील फॉर्म असतो, तोच घेतला. ‘बॉयलरचा प्रकार’ या रकान्यात ‘कादंबरी’ लिहिलं, ‘उभा की आडवा’ यात ‘वाचणाऱ्याच्या सोयीप्रमाणे’, आणि ‘मागील तपासणीची तारीख’ यात ‘कधीच नाही’. मग पान एकपासून दाबाखाली घेतलं. पहिली गोष्ट, तुझं अंतराळयान वाफेवर चालतं. संपादिकाबाईंना याचं दुःख आहे, मला मुळीच नाही. वाफेवर माझा पूर्ण विश्वास आहे आणि तिच्यावर माझं घर चाललं आहे. माझं म्हणणं एवढंच की पान नऊवर यानात चार पोती कोळसा चढतो आणि तो अकरा प्रकाशवर्षांच्या प्रवासाला पुरून वर परतीसाठी दीड पोतं उरतं. असा काटकसरी बॉयलर मी पाहिलेला नाही. शिवाय सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलाय कुठे, तर कॅप्टनच्या उशापाशी! वाफ सुटली की माणूस झोपेतच शिजेल. आणि त्या व्हॉल्व्हची शिट्टी ऐकून दुसरं यान मदतीला धावून येतं. मधे हवा नाही, शिट्टी गेली कशातून? पण हे मी तुला सांगून उपयोग नाही, कारण हवा या विषयावर तुझे विचार स्वतंत्र आहेत. तुझा कॅप्टन रोज सकाळी ‘हवा खेळती राहावी म्हणून’ यानाची खिडकी उघडतो. एकदा चुकून नव्हे, मोजून सात वेळा! सातव्या वेळी यानाच्या डॉक्टरला सर्दी होते आणि तो खिडकी लावून घ्यायला सांगतो. शास्त्राच्या दृष्टीने पुस्तकातलं हे पहिलं बरोबर वाक्य, पान एकशे दोन.

यान जिथे उतरतं त्या ग्रहाचंही तेच. त्याला दोन सूर्य आहेत, एक मावळला की दुसरा उगवतो, त्यामुळे तिथे कधी रात्र होतच नाही, असं पान साठवर तू ठणकावून सांगतेस. पान त्रेसष्टवर सगळेजण ‘रात्रीच्या काळोखाचा फायदा घेऊन’ घरमालकांच्या तावडीतून निसटतात. (संपादिकाबाईंसाठी टीप: या पुस्तकात परग्रहवासीयांना घरमालक म्हणतात, आणि ते एकूण घरमालकांसारखेच वागतात.) तीन पानांत एक अख्खी रात्र आणलीस कुठून? माझी मुलगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकते, तिला मी ते दोन सूर्यांचं गणित घातलं. तिने तासभर कागद काळे केले आणि उत्तर काढलं की असा ग्रह चाळीस दिवसांत कुठल्यातरी एका सूर्यात जाऊन पडेल. मी म्हटलं, वा, ही पंधरावी चूक, दे इकडे कागद. तर तिने कागदाची घडी घातली, दप्तरात टाकली आणि म्हणाली, ‘बाबा, आत्याआजीला हे कशाला कळवायचं? त्यांनी इतक्या हौसेने वसवलाय तो ग्रह.’ त्या चुकीची नोंद मी केली आहे, पण पुरावा जोडता आलेला नाही.

मग तुझा तो वायरलेस. घरमालकांचा सरदार पृथ्वीवाल्यांना निर्वाणीचा इशारा देतो, तो प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. जागा खाली करा, नाहीतर भस्म करीन, असं तो गर्जत असतो आणि ऐन रंगात मधेच एक आवाज येतो: ‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’ आणि विश्वाचा संहार करायला निघालेला तो राक्षस खाली मान घालून म्हणतो, ‘हो बाई, वाढवा.’ आता तू त्या काळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतीस, कानाला हेडफोन आणि मांडीवर वही अशी दुपारच्या पाळीत दोन ट्रंक कॉलांच्या मधे ही कादंबरी लिहीत होतीस, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. (एकदा चुकून तू एका व्यापाऱ्याला दुसऱ्या प्रकरणातलं वाक्य ऐकवलं होतंस, हेही.) पण अकरा प्रकाशवर्षं लांबच्या ग्रहावर तीन मिनिटांचा नियम कुणी नेला? तिथे ऑपरेटर बाई कोण? ही एकविसावी चूक म्हणून लिहिली खरी. लिहून झाल्यावर पुन्हा तो प्रसंग काढला, आणि ऑफिसात एकटाच इतका हसलो की शिपाई पाणी घेऊन आला.

आता कपाटाकडे वळतो. तुझा डॉक्टर यानाच्या बाहेर जातो तेव्हा सायकलच्या दोन ट्यूबा हवा भरून गळ्यात घालतो आणि एक तास भटकून परत येतो. संपादिकाबाईंनी यावर लाल रेघ मारली असं तू लिहिलंस. मी म्हटलं, रेघ कुणीही मारील, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय शेरा द्यायचा नाही हे आमच्या खात्याचं तत्त्व आहे. म्हणून एक दिवस रजा टाकली. बायको नोकरीवर, मुलगी कॉलेजात, घरी फक्त सासूबाई. दोन ट्यूबा टम्म भरल्या, बायकोच्या साड्या एका बाजूला सारून कपाटात बसलो, सासूबाईंना म्हटलं दहा मिनिटांनी दार उघडा, आणि आतून फटींना चिकटपट्टी लावली. कपाटाचं दार एकदा लागलं की आतून उघडत नाही, हे मला माहीत होतं. सासूबाईंना दहा मिनिटं आणि दुपारची झोप यांतला फरक राहत नाही, हे माहीत असूनही सुचलं नाही. ट्यूबचा व्हॉल्व्ह सोडला. रबराची अशी काही चव असते आत्या, की तुझ्या डॉक्टरने त्याबद्दल एक अवाक्षर कसं काढलं नाही याचं नवल वाटतं. निम्मी हवा नाकात, निम्मी कानात, उरलेली साड्यांत, आणि जोरात ‘सूंऽऽ’ असा आवाज.

तो आवाज सासूबाईंना ऐकू गेला, आणि त्यांना वाटलं गॅस गळतोय. आता गॅस गळाल्यावर काय करायचं याची तालीम मी आमच्या घरात दर सहा महिन्यांनी घेतो. बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या, शेजाऱ्यांना हाका मारायच्या, सगळ्यांनी जिन्याने खाली जायचं, अग्निशमन दलाला फोन करायचा, आणि कुणी काहीही सांगितलं तरी परत आत शिरायचं नाही. एरवी या तालमीत सासूबाई हटकून दोन पायऱ्या विसरतात. त्या दिवशी एकही विसरल्या नाहीत. माझी व्यवस्था इतकी चोख चालली की आमच्या इमारतीतली चौसष्ट माणसं बारा मिनिटांत खाली रस्त्यावर उभी होती आणि मी कपाटात! त्यांनी खाली गेल्यावर सांगितलंही बिचाऱ्यांनी, ‘अहो, जावई कपाटात आहेत.’ त्यावर सगळ्यांनी त्यांना धीर दिला, सावलीत बसवलं, आणि जावई ऑफिसात आहेत म्हणून समजूत घातली. शेवटी अग्निशमन दलाचे लोक आले आणि त्यांनी कुऱ्हाडीने कपाटाचं दार फोडलं. आत मी, तोंडात सायकलची ट्यूब, डोक्यावर बायकोची निळी साडी. दलाचा प्रमुख माझ्याकडे बघतच राहिला, कारण गेल्याच महिन्यात मी त्याच्या माणसांना ‘बंद जागेतील सुरक्षितता’ या विषयावर दीड तास व्याख्यान दिलं होतं. तो फार सभ्य माणूस. ‘साहेब, प्रात्यक्षिक होतं का?’ एवढंच विचारलं. मी खरं ते सांगितलं. तर तो कुऱ्हाड भिंतीला टेकवून माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, ‘ट्यूबवाला डॉक्टर? भाडेकरूंमधला? अहो, तो वाचून तर मी या नोकरीत आलो!’ शास्त्रीय निष्कर्ष असा की एका ट्यूबला पंचेचाळीस सेकंद, म्हणजे दोन ट्यूबांना दीड मिनिट. तुझा डॉक्टर तासभर फिरतो आणि वाटेत गाणंही म्हणतो. (कपाट मुळात हवाबंद नव्हतं, म्हणून हे पत्र लिहायला मी शिल्लक आहे.)

शेवटची हकिगत स्वयंपाक्याची. एका कागद कारखान्यात वार्षिक तपासणीला गेलो होतो. तिथला बॉयलर सांभाळणारा माणूस जुना, मिशाळ, सगळे त्याला शिट्टीमास्तर म्हणतात. बॉयलर थंड होईपर्यंत वेळ होता म्हणून मी पिशवीतून तुझं पुस्तक आणि यादी काढली, आणि चौदावी चूक त्याला सहज वाचून दाखवली: यानाचा स्वयंपाकी पान अठ्ठ्याऐंशीवर खरकटं टाकायला बाहेरचं दार उघडतो आणि खरकट्याबरोबर जातो. दीड पान सगळे रडतात. पान एकशे एकतीसवर तोच स्वयंपाकी सगळ्यांना चहा आणून देतो, आणि ‘अरे, तू?’ असं म्हणायचं सौजन्यही कुणी दाखवत नाही. मला वाटलं शिट्टीमास्तर हसेल. तो भडकला. म्हणाला, ‘साहेब, यात चूक कुठेय? स्वयंपाकी दोन आहेत. जुळे भाऊ. पान चाळीसवर दोन एप्रन वाळत घातलेत, नीट वाचा.’ तेवढ्यात कोळसा टाकणारा म्हणाला, जुळे वगैरे काही नाही, तो बाहेरच्या शिडीला धरून लोंबकळत राहिला होता. त्रेचाळीस पानं? हो, म्हणाला, कष्टाची सवय असलेला माणूस आहे. मग पॅकिंगच्या दोन बायका आल्या, त्यांचं मत की तो मेलाच, पण चहाची वेळ झाली की त्याला राहवत नाही. तासाभरात अर्धा कारखाना बॉयलरपाशी जमला. हे तीन पक्ष तिथे गेली वीस वर्षं आहेत आणि एका पक्षातला माणूस दुसऱ्या पक्षातल्या माणसाची पाळी बदलून घेत नाही, हे मला नव्यानेच कळलं. मॅनेजर ओरडायला म्हणून आला आणि भुताच्या पक्षात सामील होऊन गेला. या सगळ्यात मी गेज तपासायचाच विसरलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. निघताना शिट्टीमास्तरने मला फाटकापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, ‘तुम्ही लिहून दिलंत की बाई ते काढून टाकणार?’ मी हो म्हटलं. पिशवीतली ती यादी मला घरी येईस्तोवर टोचत राहिली.

असो. एकूण चुका एकोणचाळीस, यादी सोबत जोडली आहे. फॉर्मच्या तळाशी ‘शेरा’ असतो आणि त्याला दोनच पर्याय असतात, ‘बंद ठेवावा’ किंवा ‘चालवण्यास योग्य’. मी ‘चालवण्यास योग्य’ लिहून सही केली आणि ऑफिसचा शिक्का मारला. (हे आमच्या वरिष्ठांच्या कानावर जाऊ नये.) ज्या बॉयलरला एकोणचाळीस ठिकाणी गळती आहे आणि तरी पन्नास वर्षं माणसं त्याच्याभोवती शेकत बसली आहेत, त्याची लाज कसली वाटून घेतेस? तब्येतीला जप. जिना उतरताना कठड्याला धर. कानातलं यंत्र घाल.

तुझा, छड्या खाऊनही न सुधारलेला,
भाचा

ता. क. यादीतल्या चौदाव्या चुकीवर (स्वयंपाकी) फुली दिसेल, ती शाई सांडून झालेली नाही. ती मारल्यावर खिडकीवर मारली नाही तर अन्याय झाला असता, म्हणून तिच्यावर मारली. मग घरमालकाच्या तीन मिनिटांवर, मग मुलीच्या शब्दाला मान देऊन दोन्ही सूर्यांवर, मग अग्निशमन दलाच्या प्रमुखाने मला जिवंत बाहेर काढलं या उपकारापोटी ट्यूबांवर. आत्ता मोजल्या तर फुल्या सदतीस झाल्या आहेत. उरलेल्या दोन चुका अशा: पान बारानंतर एकदम पान चौदा येतं, आणि कॅप्टनचे डोळे आधी घारे, नंतर काळे आहेत. या दोन अवश्य सुधाराव्यात. त्याबाबतीत मी अजिबात गय करणार नाही.

पुन्हा ता. क. पाकीट दोन दिवस न चिकटवता टेबलावर ठेवलं होतं. एक चाळिसावी चूक आहे आत्या. ती मी यादीत घातलेलीच नाही. एकतीस वर्षांत एकही गळती मी कागदावरून वगळलेली नाही, ही पहिली, आणि सगळ्यांत मोठीही हीच आहे. पान एकशे ऐंशी. कॅप्टन त्या ग्रहावरून वायरलेसवर घरी आईला विचारतो, ‘आई, ऐकू येतंय का?’ वायरलेस गेला तरी प्रकाशाच्याच वेगाने जाणार. त्याचा प्रश्न इथे पोचायला अकरा वर्षं, तिचं उत्तर तिथे पोचायला अकरा. आणि तुझ्या पुस्तकात ती पुढच्याच ओळीत म्हणते, ‘येतंय की. जेवलास का?’ मधे तू एक रिकामी ओळसुद्धा सोडलेली नाहीस. मी चौदा वर्षांचा असताना ही चूक पकडली होती, आणि मोठ्या ऐटीत समासात पेन्सिलीने ‘२२ वर्षे!’ असं लिहिलं होतं. पुढे नोकरीच्या पहिल्याच वर्षी आई गेली. निरोप मिळाला तेव्हा मी कुठल्याशा बॉयलरच्या आत होतो, आणि घरी पोचायला मला दीड दिवस लागला. दारात तूच उभी होतीस. त्या आठवड्यात मी ते पान काढलं आणि समासातलं ते सगळं खोडरबरने खोडून टाकलं. खोडताना कागद जरासा फाटला. ती आई बोलते तशीच माझी आई बोलायची, आणि तुझ्या वहिनीचं बोलणं तू तिथे मुद्दाम घातलंस की आपोआप आलं, हे मी तुला कधी विचारलं नाही. आताही विचारत नाही. फक्त ते सुधारू नकोस. सुधारलंस तर शास्त्र बरोबर होईल, कॅप्टन विचारत राहील, आणि उत्तर येईपर्यंत तिकडे कुणी नसेल. मला ते नको आहे. एवढंच मागायचं होतं. बाकीचं पत्र त्यासाठी धीर यावा म्हणून लिहिलं. संपादिकाबाईंनी विचारलंच, तर सांग की ते तपासून झालंय.

आणि मला उत्तर लगेच दे. टपालाला चार दिवस लागतात हे मला माहीत आहे. तरी लगेच दे.